माल्टाला आपण पाच जण

देवळाली प्रवरेत उन्हाला काही तोटा नाही. मार्च सरता सरता ते असं तापतं की दुपारी बारानंतर बाजारतळावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशा गावातल्या बाईनं ऊन खायला साता समुद्रापार जायचं ठरवावं, याला काय म्हणावं? गोजरबाईनं त्याला जे म्हणायचं ते म्हटलंच. पण ते पुढं. आधी ही बाई कोण, ते सांगायला हवं.

दमयंती नेवासकर. वय एकसष्ट. गावातल्या हायस्कुलाच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. गावातल्या निम्म्या लोकांच्या दाखल्यांवर तिचं अक्षर आहे. मोठं गोलाकार, सुबक अक्षर. लग्न का केलं नाही, हे विचारू नका. विचारणारे विचारून विचारून म्हातारे झाले. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ सुहास शिकायचा होता. तो शिकला, पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, त्याचा मुलगा मोठा झाला, तोवर आईनं अंथरूण धरलं. धरलं ते नऊ वर्षं सोडलं नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आई गेली, आणि दमयंती पहिल्यांदाच घरात एकटी राहिली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं अंगण. पहाटे पाचला उठून आईचं पाणी तापवायची सवय मोडेना. ती उठायची, पाणी तापवायची आणि मग ते गार होईपर्यंत बघत बसायची.

प्रवास म्हणाल तर तिनं काय केला? शाळेची सहल राळेगणसिद्धीला पाच वेळा गेली. पाचही वेळा ही बसच्या दारापाशी हजेरीवही घेऊन. पोरं बंधारे बघायला पळायची आणि ही उतरली किती, चढली किती ते मोजायची. चौतीस वर्षांत एक पोर हरवू दिलं नाही बाईनं. मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे लक्षात ठेवा.

सुहासकडची मंडळी मात्र दर मे महिन्यात बाहेर. काश्मीर झालं, केरळ झालं, थायलंड झालं. निघताना सुहासचा फोन ठरलेला. "ताई, आईजवळ तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त जातो बघ." आता याला कौतुक म्हणायचं की पाठीवर ठेवलेला धोंडा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दमयंती ते कौतुकच समजायची.

तर जानेवारीत एका दुपारी तिचा मोबाईल वाजला. पुतण्या अनिमेषनं तिला एका नव्या ग्रुपवर घेतलं होतं. ग्रुपचं नाव 'माल्टा – मे'. खाली त्याचाच मेसेज: 'आपण पाच जण. आठ रात्री. ज्याला जे सुचेल ते टाका.'

दमयंतीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मोजलं. सुहास एक. वहिनी, म्हणजे निवेदिता, दोन. अनिमेष तीन. त्याची बायको मोनिका चार. पाचवी कोण? पाचवी ती स्वतः. दुसरं आहेच कोण घरात? अनिमेषची रुचा होती म्हणा, पण ती चार वर्षांची. पाचाच्या आतलं पोर एसटीत मांडीवर बसतं, त्याचं तिकीट नसतं आणि सहलीच्या यादीत नावही नसतं. उभ्या आयुष्यात दमयंतीनं जेवढ्या याद्या केल्या, त्यांतल्या एकीतही पाचाखालचं पोर धरलेलं नव्हतं.

आणि बोलावणं म्हणाल, तर ते झालंच होतं की. तिच्या घरची रीत अशी, की अक्षता आल्याशिवाय सख्ख्या मावशीच्या लग्नालाही जायचं नाही. आणि एकदा अक्षता आल्या की पुन्हा 'मी येऊ ना?' असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे बोलावणाऱ्याचा अपमान. ग्रुपवर नाव आलं, अक्षता आल्या. तिनं खाली लिहिलं, 'छान.' मग आत जाऊन देवापुढं साखर ठेवली, आणि थोडी स्वतःच्या तोंडात टाकली.

माल्टा कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं. शाळेत जाऊन जुना नकाशा काढून घेतला तेव्हा इटलीच्या खाली, भूमध्य समुद्रात, मोहरीएवढा ठिपका सापडला. बस्, तिथून बाई सुटली. दोन खणांची फाईल आणली. मोबाईलवर वाचायचं, वहीत उतरवायचं, वहीतलं पुन्हा फुलस्केपवर. पिवळ्या दगडांची घरं. वर्षाचे तीनशे दिवस ऊन. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं धावतात. राजधानीतून कुठल्या नंबरची बस कुठं जाते, शेजारच्या गोझो बेटाला जाणारी बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते, समुद्राच्या पाण्याचं मीठ करायची खाचरं कुठं आहेत. बांधाबांधाला फड्या निवडुंग वाढतो आणि लोक त्याची बोंडं आवडीनं खातात, हे वाचून तर ती एकटीच हसली. 'अगबाई, म्हणजे पारनेरच की!'

ती एकेक गोष्ट ग्रुपवर टाकायची. लोक अंगठे पाठवायचे. मोनिका लिहायची, 'आत्या, तुम्ही कमाल आहात.' निवेदिता लिहायची, 'वन्सं, आमचं सगळं काम तुम्हीच केलंत.' आईच्या नऊ वर्षांत पुण्याहून जेवढे शब्द आले नसतील, तेवढे त्या दोन महिन्यांत आले. सकाळी उठून पाणी तापवायचं ती विसरली. आधी मोबाईल बघायची.

दूध घालायला गोजरबाई यायची. शेजारच्या मळ्यातली, चार म्हशींची मालकीण, जिभेला हाड नाही. ओट्यावर किटली ठेवून तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"ऊन बघाया चाललाय व्हय बाई? ते बी इमानानं? मी काय म्हनते, कारखान्याच्या रस्त्याला दुपारी हुबं ऱ्हावा. ऊसाच्या टायरगाड्या बी दिसत्याल, ऊन बी घावंल, फुकाट!"

"अहो, तिथलं ऊन वेगळं असतं, गोजरबाई. समुद्राचा वारा असतो."

"असंल, असंल. सूर्व्या बी दुसरा आसंल त्यान्चा." आणि मग किटली उचलता उचलता हळूच म्हणाली, "जावा बाई. लई केलं तुमी समद्यांचं. एक डाव जावा."

पासपोर्ट काढायला ती नगरला एकटीच गेली. घरी चौकशीला राहुरीहून हवालदार आले, मच्छिंद्र नावाचे. चहा घेता घेता म्हणाले, "मुलाकडं का मॅडम?" ती म्हणाली, "नाही. फिरायला." हे दोन शब्द बोलताना तिची मान जराशी ताठ झाली, आणि त्याबद्दल तिला दिवसभर लाज वाटत राहिली. साक्षीदार म्हणून गोजरबाईनं सही केली. 'ओळखता का?' या प्रश्नावर ती हवालदारालाच म्हणाली, "आवं, आक्कं गाव वळखतं, तुमीच न्हाई वळखत." पासपोर्ट आला तेव्हा दमयंतीनं तो फाईलीत पहिल्या खणात लावला. ग्रुपवर मात्र टाकला नाही. मागतील तेव्हा द्यायचा. आपण होऊन कशाला मिरवायचं?

इथंच गाडं अडलं. कुणी मागेना.

मार्च गेला. व्हिसाचं काम पुण्याच्या एका एजंटाकडं दिल्याचं अनिमेषनं लिहिलं. दमयंती वाट बघू लागली. अर्जाला स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, हे तिनंच वाचून ग्रुपवर टाकलं होतं. पंधरा दिवस लागतात, हेही तिलाच ठाऊक. ज्या बाईनं चौतीस वर्षं 'फॉर्म अपुरा आहे, परत भरून आणा' असं लोकांना सांगितलं, तिला आपला फॉर्म भरलाच गेला नाही हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण माणूस स्वतःशी खोटं बोलायला बसला की त्याच्याइतका पटाईत वकील नाही. 'एजंट वयस्कांचं वेगळं करत असेल.' 'सुहास विसरला असेल, उद्या फोन करेल.' कपाटातलं इस्त्रीचं पातळ काढून तिनं दोनदा खुर्चीवर ठेवलं, उद्याच निघायला लागलं तर म्हणून. दोनदा परत आत ठेवलं.

गोजरबाई चिडली. "बाई, त्वांड दिलंय ना देवानं? बोलनाऱ्याची माती बी इकती, न बोलनाऱ्याचं सोनं पडून ऱ्हातं. लावा फोन, आन इचारा, माझं काय म्हून!"

दमयंतीनं फोन लावला. सुहासनं उचलला. ती म्हणाली, "काही नाही रे, सहज. तिकडं पाऊस झाला का वळवाचा?" गोजरबाई कपाळाला हात लावून ओट्यावरून उठून गेली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, ती कैऱ्या किसत होती. मोबाईल वाजला. अनिमेष: 'पाचही व्हिसा आले!!' खाली फोटो. पाच पासपोर्ट ओळीनं मांडलेले, आणि शेवटच्यावर एवढासा हात ठेवून रुचा हसतेय.

दमयंतीनं किसणी खाली ठेवली. बोटांवर मोजलं. सुहास, निवेदिता, अनिमेष, मोनिका. आणि पाचवं बोट तिनं किती तरी वेळ तसंच दुसऱ्या हातात धरून ठेवलं. एसटीत पाचाच्या आतलं पोर मोजत नाहीत. विमानात मोजतात. आणि ग्रुपवर अनिमेषनं घरातले सगळे नंबर घातले होते, म्हणून तिचाही आला. एवढंच झालं होतं. कुणी तिला फसवलं नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. तिचं नाव कुणी खोडलं नव्हतं, कारण ते कधी लिहिलंच नव्हतं. तिला इतकं वाईट वाटलं की आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. आणि असं वाटल्याचीही तिला शरम वाटली. मग तिनं हात धुतले आणि ग्रुपवर लिहिलं, 'अभिनंदन सर्वांचे.'

संध्याकाळी सुहासचा फोन आला. आवाज कसा, खुशीत. "ताई, एक काम होतं. निवेदिताच्या आई, माई, होळीपासून आमच्याकडं आहेत ना, त्यांचं कसं करायचं गं आम्ही नसताना? बाई लावली तर त्यांना परकं वाटतं. आम्ही त्यांना तुझ्याकडेच आणून सोडतो. अंगण आहे, मोकळी हवा आहे. आणि तुला काय, सवयच आहे."

सवयच आहे! ऐकलंत? नऊ वर्षं बाईनं आईचं हगणंमुतणं काढलं, त्याचं प्रमाणपत्र हे.

"आण की," दमयंती म्हणाली.

मेच्या वीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला गाडी अंगणात आली. माई शहाऐंशीच्या, चाकाच्या वॉकरशिवाय पाऊल उचलत नाहीत. त्यांना धरून आत आणलं, आईच्या कॉटवर बसवलं. गोळ्यांचा डबा, डायपरची पाकिटं, गरम पाण्याची पिशवी. निवेदितानं सगळं नीट समजावलं. दमयंतीनं नीट लिहून घेतलं. पुरणपोळी केली होती. सगळी भराभर जेवली, कारण त्यांना तसंच पुढं मुंबईला जायचं होतं.

आणि मग ते पोर. रुचा घरभर हिंडली, तिनं कॉटखाली वाकून बघितलं, दाराआड बघितलं आणि ती दमयंतीपुढं येऊन उभी राहिली.

"आत्याआजी, तुझी बॅग कुठंय?"

"माझी कुठली गं बॅग?"

"माल्टाची."

सुहास हसला. "आत्याआजी नाही येत, बाळा. ती माईआजीजवळ राहणार."

"का?"

 मोनिका घरात सगळ्यांत नवी. माणूस घरात नवं असतं तोवर त्याला दिसतं. पुढं डोळे सरावतात. तिनं दमयंतीकडं बघितलं, टेबलावरच्या फाईलीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला यायचं होतं का?"

दमयंतीच्या घशाशी शब्द आला होता. एका अक्षराचाच तर होता. तो बाहेर पडला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. विमान काही थांबलं नसतं. पण सुहासच आधी बोलला. मनात पाप नाही हो त्याच्या, हेच तर वाईट. "अगं, ताईला फिरायचं कुठं आवडतं! आजवर कधी गेलीये का ती कुठं?"

"छे," दमयंती म्हणाली. "मला कुठलं आवडतंय."

"पुढच्या वर्षी वन्संना आपण काशीला नेऊ," निवेदिता म्हणाली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. घ्या! सत्तावन्न वर्षांच्या भावानं माल्टाला जायचं, आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या बहिणीनं काशीला!

निघताना अनिमेषनं फाईल मागितली. दमयंतीनं पहिल्या खणातून आपलं जे होतं ते काढून घेतलं आणि फाईल त्याच्या हातात दिली. गाडीच्या काचेपाशी उभी राहून ती मोनिकाला सांगत होती, "गोझोच्या बोटीला लवकर जा, उशिरा गर्दी होते. आणि रस्ता ओलांडताना रुचाचा हात सोडू नका. मिठाच्या खाचरांवर घसरायला होतं, तिथं चप्पल नको, बूट." मोनिका मान हलवत होती. तिचे डोळे भरल्यासारखे दिसत होते, की उन्हानं तसं दिसलं, देव जाणे. गाडी गेली. धुरळा बसेपर्यंत दमयंती उभी होती.

घरात आली तर माई जाग्याच होत्या. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "गेली सगळी?"

"गेली."

"मला कुणी विचारलंच नाही गं, इथं यायचं का म्हणून. गाडीत बसवलं आणि आणलं."

दमयंती कॉटवर टेकली. माईंच्या अंगावरची चादर सारखी केली, जी सारखीच होती. ती काही तरी गोड बोलणार होती. इथं करमेल तुम्हाला, मी आहे ना, असलं. सवयच होती तिला. पण तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"मला जायचं होतं हो, माई."

माईंनी मान वळवली. त्यांना ऐकायला कमी यायचं, पण हे आलं. म्हातारीनं आपला सुरकुतलेला हात चाचपत पुढं केला, दमयंतीचं मनगट धरलं आणि विचारलं, "कुठं गं?"

सोपा प्रश्न होता. आठ रात्रींचं अख्खं वेळापत्रक तिला पाठ होतं. बसचे नंबर, बोटीच्या वेळा, सगळं. पण त्यातलं एकही नाव तिच्या ओठावर येईना. रडू मात्र आलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं, आणि त्या रडण्यातून कसंबसं ती म्हणाली,

"त्यांच्याबरोबर."